रुमाल सोडायला कोणी सांगितले?

बारावीच्या वर्गावर जीवशास्त्र शिकवणाऱ्यांना एक प्रश्न दरवर्षी भेटतो. "बाई, यकृताच्या पेशीत आणि चेतापेशीत डी.एन.ए. एकच असतो ना? मग त्या दोन पेशी इतक्या वेगळ्या कशा?" आपण सांगतो की प्रत्येक पेशीत सगळी जनुके काम करीत नाहीत, काही चालू असतात, काही बंद. पुढचा प्रश्न ओघानेच येतो, "चालू-बंद कोण करते?" आणि येथे आपण फळ्यावर लॅक ओपेरॉनची आकृती काढतो. म्हणजे प्रश्न माणसाच्या यकृताचा आणि उत्तर ई. कोलाय या जिवाणूचे. बहुतेक मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवतात. ज्या एखाद्या मुलाला उत्तर पटलेले नसते, ते गप्प बसते.

आमच्या मते त्या मुलाचे बरोबर असते. या लेखात आम्ही पाठ्यपुस्तकातील या धड्याची मांडणी तपासणार आहोत. धड्यात चूक म्हणावी असे फारसे नाही. पण त्यात एक जागा रिकामी राहिली आहे आणि त्या रिकाम्या जागेत वर्गाबाहेर कोण शिरते, हेही पाहण्यासारखे आहे.

धड्याची दोन टोके

एन.सी.ई.आर.टी.च्या बारावीच्या पुस्तकातील आनुवंशिकतेच्या रेणवीय आधाराचा धडा घ्या. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकातील क्रमही साधारण असाच आहे. आरंभी सांगितले आहे की माणसाच्या एका पेशीतील डी.एन.ए. सुमारे २ मीटर लांब असतो आणि तो इवल्याशा केंद्रकात बसवायचा असतो. त्यासाठी हिस्टोन नावाची प्रथिने आहेत. आठ हिस्टोनांच्या गोळ्याभोवती डी.एन.ए. गुंडाळला जातो, या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. डी.एन.ए. आणि प्रथिने मिळून जो पदार्थ होतो, तो क्रोमॅटिन. त्याचा सैल भाग म्हणजे युक्रोमॅटिन, घट्ट भाग म्हणजे हेटरोक्रोमॅटिन. सैल भाग सक्रिय, घट्ट भाग निष्क्रिय. एवढे सांगून धडा पुढे जातो. मग द्विगुणन, प्रतिलेखन म्हणजे डी.एन.ए.वरून आर.एन.ए. उतरवून घेणे, जनुकीय संकेत, भाषांतरण अशी बरीच पाने उलटल्यावर जनुकांच्या नियमनाचा भाग येतो. आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी सजीवांत नियमन कोणकोणत्या टप्प्यांवर होते याची तेथे यादी आहे, पण सविस्तर उदाहरण मात्र लॅक ओपेरॉनचे आहे.

लॅक ओपेरॉन हे वाईट उदाहरण नव्हे. जेकब आणि मोनो यांनी १९६१ साली मांडलेली ही कल्पना फार मोलाची होती आणि १९६५ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. पण ई. कोलायमध्ये हिस्टोन नसतात. जनुक उतरवून घेणाऱ्या आर.एन.ए. पॉलिमरेज या विकराला तेथे वाट बहुधा मोकळी असते. ती अडवायला दमनकारी प्रथिन लागते. आपल्या पेशीत परिस्थिती जवळजवळ उलटी आहे. वाट मुळात अडलेली असते, ती मोकळी करावी लागते. सुरुवातीच्या पानांवरील बांधाबांध आणि शेवटच्या पानांवरील नियमन या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत, हे धडा सांगत नाही. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. विद्यार्थ्याला वाटते, हिस्टोन म्हणजे सामान बांधायची दोरी आणि नियमन म्हणजे काही वेगळेच.

रुमालांचे दप्तर

पुण्यात राहणाऱ्यांना हा व्यवहार समजून घ्यायला लांब जायला नको. येथील पेशवे दप्तरात मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहे, अक्षर वाचता येण्याजोगे आहे, तरी रुमालाची गाठ सुटल्याखेरीज त्यातील एक ओळही वाचता येत नाही. आणि कोणता रुमाल सोडायचा, हे गाठ सोडणारा माणूस ठरवीत नाही. अभ्यासकाने दिलेल्या मागणीच्या चिठ्ठीवरून ते ठरते. बांधणे, सोडणे आणि चिठ्ठी या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पेशीतील प्रकार बराचसा उलगडतो.

प्रथम बांधणी पाहू. एका न्यूक्लिओसोममध्ये डी.एन.ए.च्या १४७ जोड्या हिस्टोनांच्या गोळ्याभोवती दीडाहून थोडे अधिक वेढे घेतात. माणसाच्या एका पेशीत असे सुमारे ३ कोटी न्यूक्लिओसोम असतात. हिस्टोनांच्या शेपट्या गोळ्याबाहेर आलेल्या असतात. शेपटीतील लायसिन या अमिनो आम्लावर धनभार असतो आणि डी.एन.ए.वर ऋणभार, म्हणून पकड बसते. लायसिनला ॲसिटिल गट लागला की तो धनभार नाहीसा होतो आणि पकड सैल पडते. शिवाय हा गट एखाद्या खुणेसारखा काम करतो. तो ओळखून दुसरी प्रथिने तेथे येऊन बसतात.

ॲसिटिल गटाचा आणि आर.एन.ए. तयार होण्याचा संबंध असावा, असे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ सालीच सुचवले होते. पण हा गट लावणारे विकर नेमके कोणते, हे पुढची तीसेक वर्षे हाती लागले नाही. १९९६ साली डेव्हिड ॲलिस यांच्या गटाने टेट्राहायमिना या एकपेशीय जिवातून ते शोधून काढले. त्याची रचना यीस्टमधील जीसीएन-५ या प्रथिनाशी जुळली, आणि जीसीएन-५ हे जनुके चालू होण्यास मदत करणारे प्रथिन म्हणून आधीपासून ठाऊक होते. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाला ॲसिटिल गट काढणारे विकर मिळाले. तेही यीस्टमधील आरपीडी-३ या नियामक प्रथिनाचे भाऊबंद निघाले. बांधाबांध करणारे आणि नियमन करणारे खाते एकच आहे, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. पाठ्यपुस्तकातील दोन टोके जोडणारा दुवा तो हाच.

ही विकरे एकेकटी हिंडत नाहीत. जीसीएन-५ हे सागा नावाच्या, जवळजवळ २० प्रथिनांच्या संकुलाचा एक भाग असते. काही संकुले रासायनिक गट लावतात, काही काढतात. स्विस्निफसारखी संकुले ए.टी.पी.ची ऊर्जा खर्च करून न्यूक्लिओसोम सरकवतात किंवा उचकटतात. पॉलिकोम्ब गटातील एक संकुल हिस्टोन एच-३ च्या २७ व्या लायसिनवर मिथिल गट लावते आणि ते जनुक दीर्घकाळ बंद राहण्यास मदत करते.

आता चिठ्ठी. यांपैकी बहुतेक विकरांना कोणत्या जनुकाकडे जायचे ते स्वतःहून कळत नाही. डी.एन.ए.वरील विशिष्ट अक्षरक्रम ओळखणारी दुसरी प्रथिने आधी तेथे बसतात आणि मग संकुलाला ओढून आणतात. याचा व्यवहारातील पुरावा औषधांत दिसतो. ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना अडवणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली अमेरिकेत त्वचेच्या एका टी-पेशी कर्करोगासाठी मान्य झाले. ते घेतल्यावर एखादेच जनुक बदलत नाही. अनेक जनुकांचे काम एकदम बदलते, काहींचे वाढते, काहींचे घटते. गाठ सोडणाऱ्याचे हात धरले, तर दप्तरातील सगळ्याच रुमालांवर परिणाम होणार. पत्ता त्याच्याकडे नव्हताच.

गणेशखिंडीतील एक उदाहरण

चिठ्ठी कशी काम करते, याचे एक चांगले उदाहरण पुण्यातच अभ्यासले गेले आहे. पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे संजीव गलांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सॅटबी-१ या प्रथिनावर काम केले. हे प्रथिन टेरुमी कोही-शिगेमात्सू यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने १९९२ साली प्रसिद्धीस आणले होते. ते मुख्यतः थायमस ग्रंथीत वाढणाऱ्या टी-पेशींत असते, डी.एन.ए.च्या विशिष्ट भागांना चिकटते आणि क्रोमॅटिनचे फासे बांधून धरते. ज्या उंदरांत ते नसते, त्यांच्या टी-पेशींची वाढ अर्धवट राहते आणि ते काही आठवड्यांतच मरतात.

कोडे असे होते की सॅटबी-१ कधी ॲसिटिल गट काढणाऱ्या एचडॅक-१ ला जवळ करते, तर कधी गट लावणाऱ्या पीकॅफला. दोघांची कामे एकमेकांच्या विरुद्ध. मग कोणाला केव्हा बोलवायचे, हे कसे ठरते? २००६ साली 'मॉलेक्युलर सेल' या नियतकालिकात पुण्याच्या गटाने उत्तर दिले. सॅटबी-१ वर फॉस्फेट गट असेल तर ते एचडॅक-१ शी जोडले जाते. फॉस्फेट निघून गेला की पीकॅफशी. फॉस्फेट लावणारे विकर प्रोटीन कायनेज-सी हे पेशीला बाहेरून मिळणाऱ्या संदेशांच्या साखळीतील एक कडी आहे. टी-पेशी उद्दीपित झाली की सॅटबी-१ वरील फॉस्फेट निघतो, पीकॅफ येते आणि ते सॅटबी-१ लाच ॲसिटिल गट लावते. त्यामुळे सॅटबी-१ ची डी.एन.ए.वरील पकड सुटते आणि इंटरल्यूकिन-२ चे दाबून ठेवलेले जनुक चालू होते. रोगप्रतिकाराच्या कामात टी-पेशींची संख्या वाढण्यासाठी हे इंटरल्यूकिन लागते.

गलांडे यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे पाषाणच्या आयसर संस्थेतही त्यांचे हे काम चालू राहिले. पण पुरस्कारापेक्षा शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या एका उदाहरणात पेशीबाहेरील संदेशापासून जनुकापर्यंतची साखळी कडीकडीने सांगता येते, आणि प्रत्येक कडी प्रयोगाने तोडून पाहता येते. लॅक ओपेरॉनमध्ये लॅक्टोज ते जनुक अशी साखळी आहे, म्हणून तर तो धडा इतका पटतो. आपल्या पेशींची तशी साखळी अर्ध्या पानात देता आली असती.

'कळ' या शब्दाचा दोष

आता थोडी टीका आपल्यासारख्या विज्ञान लिहिणाऱ्यांवरही करायला हवी. क्रोमॅटिनविषयी लिहिताना आपण सर्रास म्हणतो, ॲसिटिल गट म्हणजे चालूची कळ, तो काढला की बंद. वरील शोधनिबंधाच्या शीर्षकातही रेणवीय कळ असा शब्दप्रयोग आहे. पण तेथे त्याचा अर्थ मर्यादित आहे: एका प्रथिनाचा जोडीदार बदलतो, एवढाच. आपण तो शब्द उचलून सगळ्या क्रोमॅटिनला लावतो आणि गोष्ट बिघडते.

तीन उदाहरणे पाहा. पहिले यीस्टमधील. आर.एन.ए. पॉलिमरेज जनुकावरून पुढे सरकत असताना सेट-२ नावाचे विकर त्याच्यासोबत प्रवास करते आणि मागे मिथिल गटांची खूण ठेवत जाते. ती खूण पाहून ॲसिटिल गट काढणारे संकुल येते आणि वाचून झालेला भाग पुन्हा नीट बांधते, म्हणजे भलत्याच जागेवरून वाचन सुरू होत नाही. येथे खूण हे प्रतिलेखनाचे कारण नाही, परिणाम आहे. शिवाय ॲसिटिल गट काढले जात आहेत ते चालू जनुकावरच.

दुसरे उदाहरण २०१७ सालचे. उंदराच्या मूलपेशींत एमएलएल-३ आणि एमएलएल-४ या प्रथिनांची मिथिल गट लावण्याची क्षमता तेवढी मारून टाकली, प्रथिने जागेवर ठेवली. प्रतिलेखनावर परिणाम अनपेक्षितपणे थोडा झाला. पूर्ण प्रथिनेच काढली तेव्हा मात्र तो मोठा झाला. म्हणजे तेथे संकुलाची गरज होती, त्याने लावलेल्या खुणेची फारशी नव्हती.

तिसरे उदाहरण याच्या उलट आहे. २०१३ साली फळमाशीतील हिस्टोन एच-३ चे २७ वे लायसिन बदलून तेथे मिथिल गट लागणेच अशक्य केले. पॉलिकोम्ब संकुल नसल्यावर जे दोष दिसतात, तेच दोष दिसले. येथे खूणच निर्णायक ठरली.

यावरून घ्यायचा धडा सरळ आहे. खूण दिसली म्हणून तीच कारण, असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक ठिकाणी खूण काढून पाहावी लागते. आमचा रुमालाचा दृष्टान्तही येथे तोकडा पडतो हे कबूल केले पाहिजे. दप्तरात कागद वाचल्याने गाठ बदलत नाही, पेशीत बदलते. आणि पेशीत चिठ्ठी लिहिणारा कोणी अभ्यासक बसलेला नाही. एका रेणूची चिठ्ठी दुसऱ्या रेणूच्या बदलातून निघते.

रिकाम्या जागेत कोण शिरते

हे सगळे बारावीला कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की पुस्तकाने जे सांगितले नाही, ते बाजार सांगू लागला आहे. गर्भसंस्काराच्या वर्गांच्या जाहिरातींत आणि समाजमाध्यमांवरील भाषणांत 'एपिजेनेटिक्स' हा शब्द हमखास ऐकू येतो. आईने अमुक मंत्र ऐकला, अमुक विचार मनात आणला, की बाळाची चांगली जनुके चालू आणि वाईट बंद होतात, असे त्या शब्दाच्या आधाराने सांगितले जाते. जनुकांवर वातावरणाचा परिणाम होतो, हे त्यातील अर्धे वाक्य खरे असते. म्हणूनच ज्याने फक्त लॅक ओपेरॉन पाठ केला आहे, त्याला उरलेल्या अर्ध्या वाक्यातील खोट पकडता येत नाही.

गरोदरपणी संगीत ऐकावे, मन शांत ठेवावे, याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती उसन्या अधिकाराला. रुमाल सुटला म्हणता, तर कोणता रुमाल? कोणत्या पेशीतील? चिठ्ठी कोणी पाठवली? सॅटबी-१ च्या बाबतीत या प्रत्येक प्रश्नाला नाव घेऊन उत्तर आहे. जाहिरातीत एकाचेही नसते. आणि याची किंमत केवळ वर्गाच्या शुल्काएवढी नसते. बाळात काही उणे निघाले तर आईला वाटते, आपलेच विचार कमी पडले. विज्ञानाच्या नावाने हा अपराधभाव तिच्या माथी मारला जातो.

याच पुण्यात, याच प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी रीतही आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्यांची मुले पुढे वर्षानुवर्षे तपासली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वांत जास्त आढळला. डी.एन.ए.ला आणि हिस्टोनांना जे मिथिल गट लागतात, त्यांच्या पुरवठ्याच्या साखळीत ही दोन्ही जीवनसत्त्वे येतात. तेव्हा क्रोमॅटिनमार्फत हा परिणाम होत असेल, ही शंका रास्त आहे.

पण या अभ्यासात मोजले गेले ते रक्तातील जीवनसत्त्वे, शरीरातील चरबी आणि इन्शुलिन. क्रोमॅटिनची कडी त्यात सिद्ध झालेली नव्हती. शिवाय एकत्र आढळलेल्या दोन गोष्टींत एक कारण आणि दुसरी परिणाम असेलच असेही नाही. म्हणून पुढची पायरी घेतली गेली. त्याच गटातील मुले वयात आल्यावर त्यांना बी-१२ देऊन पुढील पिढीवर काय परिणाम होतो, हे तपासणारी चाचणी २०१२ साली सुरू झाली. सेट-२ आणि एमएलएलच्या प्रयोगांमागेही हाच विचार होता: संबंध दिसला ना, मग एक कडी बदला आणि पाहा. आईच्या आहारातील एका जीवनसत्त्वाची उणीव रक्त तपासून कळते आणि वैद्याच्या सल्ल्याने भरूनही काढता येते. ही साधी गोष्ट मंत्रांच्या गजरात मागे पडू नये.

वर्गात काय करता येईल

पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. डी.एन.ए.च्या बांधणीचा भाग शिकवताना मुलांना एक गणित घाला. डी.एन.ए.ची जाडी २ नॅनोमीटर. तो १ मिलीमीटर जाडीचा दोरा मानला, म्हणजे ५ लाख पट मोठा केला, तर २ मीटरचा १,००० किलोमीटर होतो. पुण्याहून नागपूर गाठूनही दोरा उरेल. त्याच मापाने ६ मायक्रोमीटरचे केंद्रक ३ मीटरचे, म्हणजे एका लहान खोलीएवढे होते. आता विचारा, या खोलीतील दोऱ्याचा नेमका एक हातभर तुकडा वाचायचा असेल तर काय काय लागेल? कोणी तरी जागा ओळखणारा हवा, कोणी तरी सोडणारा हवा, वाचून झाल्यावर पुन्हा बांधणारा हवा, अशी उत्तरे मुलेच देतील. संकुलांची नावे आपण नंतर सांगावीत.

मग लॅक ओपेरॉन शिकवल्यावर दोन रकाने करा: जिवाणूत मूळची स्थिती कोणती आणि आपल्या पेशीत कोणती. शेवटी वर्तमानपत्रातील किंवा मोबाईलवर आलेला जनुकांविषयीचा एखादा दावा आणायला सांगा आणि त्याला चार प्रश्न लावा. कोणते जनुक? कोणत्या पेशीत? संकुलाला तेथे कोणी आणले? ती कडी तोडून पाहिली काय?

चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत म्हणजे दावा खोटाच, असे नव्हे. के.ई.एम.च्या अभ्यासातही सगळी उत्तरे नाहीत, पण कोणती नाहीत ते त्यावरून कळते. यकृताविषयी विचारून गप्प बसलेल्या त्या मुलाला एवढे जरी हाती लागले, तरी त्या धड्याचे चीज झाले असे आम्ही म्हणू.